कबुलीनंतरचं देणं

साशंक : सर, सोप्या आक्षेपापासून सुरुवात करते, म्हणजे अवघडासाठी वेळ राहील. तुमच्या चर्चमध्ये पवित्र मरियेचा पुतळा असतो. लोक त्याला हार घालतात, मेणबत्त्या लावतात, नऊ दिवसांची नोव्हेना करतात. आणि बायबलमधल्या दहा आज्ञांत तर स्वच्छ लिहिलंय की, कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडू नका. प्रोटेस्टंट मंडळी पाचशे वर्षं कॅथलिकांना हेच ऐकवत आली आहेत. माझी हरकत दुसऱ्या बाजूची आहे. मी वारकरी घरातली, मला मूर्तीचं वावडं नाही. मला खटकतं ते हे : ज्या धर्माच्या मिशनऱ्यांनी आमच्या देवाला दगड म्हटलं, तोच धर्म स्वतःच्या मूर्तीपुढे गुडघे टेकतो आणि वर सांगतो, ही मूर्तिपूजा नव्हे.

श्रद्धावंत : ताई, याचं शास्त्रातलं उत्तर जुनं आहे. इ.स. 787 मध्ये निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ठरवलं की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा त्याच्यापर्यंत जातो. आराधना मात्र फक्त देवाची. मरिया देव नाही. ती आमच्यातलीच एक, आमच्यासाठी प्रार्थना करणारी. पण तुमचा खरा सवाल मिशनऱ्यांबद्दलचा आहे आणि तिथे मला त्यांचा बचाव करायचा नाही. स्वतःच्या भक्तीसाठी त्यांनी जो बारीक भेद केला, तोच तुमच्या आजीच्या भक्तीला लावला असता तर त्यांना दिसलं असतं की तीही दगडाशी बोलत नव्हती, पांडुरंगाशी बोलत होती. चर्चला हे दिसायला फार काळ लागला. पण ज्यांना दिसलं त्यांतले काही पुण्यातच होते. गी देल्युरी हे फ्रेंच जेझुइट. विठ्ठलभक्तीवरचं त्यांचं पुस्तक 1960 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलं. वसईचे थॉमस डाबरे पुढे पुण्याचे बिशप झाले. तुकोबांच्या ईश्वरानुभवावरचा त्यांचा ग्रंथ 1987 चा. ज्यांना आमच्याच माणसांनी कमी लेखलं होतं, त्यांच्याकडे ही माणसं शिकायला गेली. आणि श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला सप्टेंबरात जे पायी जातात, त्यांत कॅथलिक नसलेले पुष्कळ असतात. त्यांना हा वाद ठाऊकही नसतो.

साशंक : मूर्तीचा मुद्दा सोडते. पण तुकोबांचं नाव घेतलंत म्हणून विचारते. दरवर्षी दोन्ही पालख्या पुण्यातून निघून आपल्या हडपसरपर्यंत एका रस्त्याने येतात. इथून माउलींची पालखी सासवडच्या वाटेला लागते, दिवेघाट चढते. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. पुढे वाखरीला दोन्ही भेटतात आणि पंढरपुरात शिरतात. तुमचं चर्च असं म्हणेल का, की वाटा वेगळ्या, मुक्काम एक? शतकानुशतकं ते म्हणत आलं की चर्चबाहेर तारण नाही. तुकोबांवर ग्रंथ लिहायचा आणि तुकोबा तरले की नाही हा प्रश्न बाजूला ठेवायचा, याला मी सौजन्य म्हणेन. मान्यता म्हणणार नाही.

श्रद्धावंत : प्रश्न बाजूला ठेवलेला नाही. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्‌विवेकाप्रमाणे वागतात, त्यांना तारण मिळू शकतं. पुढच्याच वर्षी त्याच परिषदेने म्हटलं, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काही चर्च नाकारत नाही. तुकोबांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तरी तुमच्या दोन पालख्यांसारखं मी म्हणू शकत नाही. मी मानतो की ख्रिस्त हाच मार्ग आहे, आणि तुकोबा पोचले ते त्याच्याच कृपेने पोचले. हे तुम्हाला उद्धट वाटेल, मला माहीत आहे. पण सगळ्या वाटा सारख्याच म्हटल्या तर मी रविवारी मिस्सेला का जातो, याचं उत्तर माझ्यापाशी उरणार नाही.

साशंक : उद्धट वाटतंच. तरी गुळमुळीत बोलण्यापेक्षा हे बरं, कारण यावर वाद घालता येतो. आता मधल्या माणसाकडे वळते. पंढरपूरला बडवे आणि उत्पात देव आणि भक्त यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. 1973 च्या कायद्याने त्यांचे वंशपरंपरेचे हक्क काढले, त्यावर चाळीस वर्षं खटले चालले आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो विषय संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पूजेसाठी अर्ज मागवले. तुमच्याकडे ख्रिस्तप्रसादात भाकरीचा ख्रिस्त व्हायचा तो फादरच्याच हातून. पापाची क्षमा त्याच्याच तोंडून यायची. आणि तो पुरुषच असायचा. आमच्या बडव्यांना कायद्याने हलवता आलं. तुमच्या बडव्यांना कोण हलवणार?

श्रद्धावंत : धर्मगुरुपद आमच्याकडे वारशाने येत नाही. ब्रह्मचर्याचा नियम बाराव्या शतकात कडक झाला त्यामागे हेही एक कारण होतं की चर्चची जमीन आणि पद बापाकडून मुलाकडे जाऊ नये. तो शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचं सत्य नाही. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुष आजही धर्मगुरू होतात. भाकरीचं म्हणाल तर प्रयोगशाळेत ती भाकरीच निघेल आणि चर्चने याहून वेगळा दावा कधी केलेला नाही. बदलतं ते तिचं दिसणं नव्हे, असणं. ते श्रद्धेनेच घ्यायचं. स्त्रियांचं मात्र तसं नाही. येशूने बारा पुरुष निवडले, म्हणून चर्चला ही परंपरा बदलण्याचा अधिकारच नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये जाहीर केलं. मी ते पाळतो. मला ते पटवून देता येतं का? माझ्या मुलीला नाही आलं. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली, 2023 च्या धर्मसभेत स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. तुम्ही म्हणाल, हे फार थोडं आहे. थोडं आहे.

साशंक : मग प्रश्न एकट्या फादरचा राहत नाही, तो माणसाच्या सदसद्‌विवेकावर हुकूम कोणाचा, असा होतो. आणि हा प्रश्न मराठीत आधी एका बाईने विचारलेला आहे. इथून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या तेव्हा. त्यानंतरच्या त्यांच्या पत्रव्यवहारात मठातल्या सिस्टर त्यांना सांगतात की चर्च म्हणतं ते मानावं लागेल. आणि रमाबाई उत्तर देतात की एका पुरोहितवर्गाचं जू मी नुकतंच फेकलंय, ते दुसऱ्याच्या हातून पुन्हा मानेवर घेणार नाही. वाद अँग्लिकनांशी होता हे मला माहीत आहे. पण रोमला तो जास्तच लागू पडतो. तुमच्याकडे तर 1870 पासून पोपचा शब्द अचूक मानायचा.

श्रद्धावंत : अचूकता लोकांना वाटते तेवढी लांबरुंद नाही. पोपने सबंध चर्चला उद्देशून, श्रद्धा किंवा नीती यांबद्दल, हे कायमचं ठरवतो आहे असं सांगून केलेली घोषणा, एवढ्यालाच ती लागू. 1870 नंतर अशी घोषणा एकदाच झाली, 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गारोहणाबद्दल. पोपची मुलाखत, पोपचं राजकारण, पोपची नेमणूक यांत चूक होऊ शकते आणि झालेली आहे. रमाबाईंबद्दल मात्र मी तुमच्याहून वेगळं वाचतो. त्या कोणाच्याच शिस्तीत बसल्या नाहीत, पण केडगावला शेकडो मुली आणि विधवा सांभाळायच्या तर शिस्त लागलीच. एकट्या माणसाचा विवेक थकतो, फसतो, सोयीचं तेवढं ऐकतो. माझा तर फसतोच. दोन हजार वर्षं विचार करत आलेल्या एका समाजाचा हात धरून चालणं मला जू वाटत नाही. आणि विवेकाचं म्हणाल तर चर्चची शिकवण अशी की माणसाने आपल्या निश्चित विवेकाविरुद्ध वागणं हेच पाप. फक्त तो विवेक आधी घडवायचा असतो.

साशंक : घडवायचा कोणी? 1968 घ्या. कुटुंबनियोजनाच्या साधनांचा विचार करायला पोपनेच आयोग नेमला होता. त्यात विवाहित जोडपी होती, डॉक्टर होते, धर्मपंडित होते. बहुमत म्हणालं, बंदी शिथिल करा. पोप पॉल सहावे यांनी ते बाजूला सारून ‘ह्युमाने विते’ हे पत्र काढलं आणि गोळी, निरोध, शस्त्रक्रिया सगळं निषिद्ध ठरवलं. विवाहित माणसांचा घडलेला विवेक एका बाजूला आणि अविवाहित माणसाचा निर्णय दुसऱ्या बाजूला. हडपसरच्या सोसायट्यांत राहणारी तुमची कॅथलिक कुटुंबं हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांसारखीच एक-दोन मुलांवर थांबलेली आहेत. ती काय करतात हे त्यांनाही माहीत आहे, फादरनाही. सगळ्यांनी मिळून न बोलण्याचा करार केल्यासारखं आहे. ज्या शिकवणीबद्दल घराघरात गप्प बसावं लागतं, ती शिकवण अजून शिकवण उरली आहे का?

श्रद्धावंत : गप्प बसणं आहे, मी नाकारत नाही. पण त्या पत्रातली एक ओळ नव्हे, एक इशारा आठवा. पोपने लिहिलं होतं की ही साधनं एकदा रास्त ठरली की सरकारं ती माणसांवर लादूही शकतील. आठच वर्षांत काय झालं? आणीबाणीत नसबंदीच्या छावण्या उभ्या राहिल्या. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. शिक्षकांना माणसं आणायचे कोटे दिले जात होते. माझे वडील शिक्षक होते, ते दिवस त्यांच्या तोंडून मी ऐकले आहेत. माणसाचं शरीर हे योजनेचा आकडा नाही, हे तेव्हा कोण सांगत होतं? ज्याला सगळे जुनाट म्हणत होते ते चर्च सांगत होतं.

साशंक : इशारा खरा ठरला, मान्य. पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? सरकारने बाईच्या शरीरावर सक्ती केली, म्हणून तिच्या शरीराचा निर्णय तिचा, हा निघतो. तुम्ही काढता तो असा की सरकारचा नको, चर्चचा. विधेयक आणणाऱ्या पुरुषांनी बाईला विचारलं नव्हतं आणि पत्र लिहिणाऱ्या पुरुषानेही तिचं ऐकलं नाही. आयोगात ती बोलली होती, हे विसरू नका.

श्रद्धावंत : विसरत नाही. यावर माझं उत्तर अपुरं आहे. पुढे जाऊ.

साशंक : पुढे पापनिवेदन. लोक विचारतात, देवाला थेट का सांगायचं नाही? मला तो प्रश्न लहान वाटतो. माझा मोठा प्रश्न मी नंतर विचारेन. आधी तुम्ही सांगा, ते तुम्हाला काय देतं?

श्रद्धावंत : देवाला मनातल्या मनात सांगताना मी फार सौम्य शब्द वापरतो, ताई. स्वतःशी बोलताना माणूस स्वतःचा वकील असतो. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे दुसरा माणूस बसलेला असला की शब्द खरे वापरावे लागतात. मी भावाच्या जमिनीच्या कागदावर सही करताना गप्प बसलो, हे वाक्य मी अनेक वर्षं मनात म्हणत होतो, त्याने काही झालं नाही. मोठ्याने म्हटलं त्या दिवशी मला त्याचं वजन कळलं. आणि लोकांना वाटतं तसं हे सांगा-सुटा नाही. तीन गोष्टी लागतात : मनापासूनचा पश्चात्ताप, कबुली, आणि प्रायश्चित्त. चोरी केली असेल तर परत करावी लागते, कोणाचं नाव बदनाम केलं असेल तर ते भरून काढावं लागतं. मला फादरनी जपमाळ म्हणायला सांगून सोडलं नाही. भावाकडे जा, म्हणाले. गेलो. अर्धा एकर त्याच्या नावावर झाला, तेव्हा कुठे माझी कबुली पुरी झाली असं मी मानतो. हे सगळं होऊ शकलं कारण मला खात्री होती की जाळीआड बोललेलं कधीही, कोणत्याही कारणाने बाहेर जाणार नाही. फादरने ते फोडलं तर तो आपोआप चर्चबहिष्कृत होतो.

साशंक : आता माझा प्रश्न. मी वकिली करते, पोक्सोचे खटले पाहिले आहेत. 2012 च्या त्या कायद्याचं कलम 19 म्हणतं, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला माहीत असेल त्या कोणीही पोलिसांना कळवलं पाहिजे. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा. डॉक्टरला सूट नाही, शिक्षकाला नाही, आणि धर्मगुरूला सूट दिल्याचं मला त्या कायद्यात कुठेही सापडत नाही. समजा, असा गुन्हा केलेला माणूस जाळीपाशी आला. फादर गप्प बसणार. बरं, क्षमा देण्याआधी तो त्याला पोलिसांत जा अशी अट तरी घालू शकतो का? नाही. व्हॅटिकनच्या प्रायश्चित्तविषयक न्यायासनाने 2019 च्या निवेदनात स्पष्ट म्हटलं की क्षमेसाठी अशी अट कधीही घालता येणार नाही. तुमच्या भावाची जमीन परत करायला लावता येते, आणि मुलाचा न्याय परत करायला लावता येत नाही?

श्रद्धावंत : त्याच निवेदनात हेही आहे की अत्याचार झालेली व्यक्ती स्वतः पापनिवेदनाला आली तर फादरने तिला तिचे हक्क आणि तक्रारीची कायदेशीर वाट समजावून सांगावी. गुन्हेगाराबद्दल सांगायचं तर फादर त्याला विनवू शकतो, पश्चात्ताप खरा नाही असं दिसलं तर क्षमा नाकारूही शकतो. पापनिवेदनाच्या गुप्ततेची मोहर फोडता येते असं एकदा ठरलं, की असा माणूस येणारच नाही. मग त्याला वळवण्याची जी एक जागा उरली होती, तीही जाईल. मुलाला त्याने काय मिळेल?

साशंक : हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मला कधी खरा वाटत असे. पण ऑस्ट्रेलियात अनेक वर्षं चाललेल्या शाही चौकशी आयोगाने 2017 मध्ये अहवाल दिला. जाळीआड कबूल करून, क्षमा घेऊन, पुन्हा तेच करत राहिलेल्या माणसांबद्दलची साक्ष त्या आयोगापुढे आली. म्हणजे ते येत होते आणि वळत नव्हते. आयोगाने शिफारस केली की कळवण्याच्या कायद्यात पापनिवेदनाला सूट नको. ज्या जागेवर तुम्ही एवढा भरवसा ठेवता, तिचा काहींनी ओझं हलकं करून पुढच्या मुलाकडे जाण्यासाठी उपयोग केला. सर, माझ्यासमोर आठ वर्षांची मुलगी साक्ष द्यायला बसलेली असते. तिला मी काय सांगू? की तुझ्याबद्दल एका माणसाला माहीत होतं, पण ते पवित्र गुपित होतं?

श्रद्धावंत : तिला सांगता येईल असं वाक्य माझ्याजवळ नाही. मोहर फोडावी असं मी तरीही म्हणणार नाही, आणि हे म्हणताना ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एक मात्र मला सांगितलंच पाहिजे. जगभर जी प्रकरणं बाहेर आली, त्यांतली बहुतेक बिशपांना पापनिवेदनातून कळली नव्हती. आईबापांनी पत्रं लिहिली होती, सिस्टरनी तक्रारी केल्या होत्या, डॉक्टरांचे अहवाल होते. ते सगळे कागद कार्यालयाच्या कपाटात होते, आणि त्या माणसाची फक्त बदली झाली. तिथे कोणतीही मोहर नव्हती. होती ती अब्रूची काळजी. अशा प्रकरणांवरचं ‘पोपचं गुपित’ नावाचं प्रशासकीय कुलूप डिसेंबर 2019 मध्ये निघालं. फार उशिरा निघालं.

इथे लेखकाला मध्ये बोलावंसं वाटतं. मराठीत कॅथलिक धर्मावरचा वाद बहुधा धर्मांतर आणि मूर्ती यांच्यापलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंना ते विषय पाठ आहेत. मुलांचा विषय निघाला की टीकाकार त्याचा दगड करून फेकतो आणि श्रद्धाळू दार लावून घेतो. या दोघांनी तसं केलं नाही, म्हणून त्यांचं बोलणं लिहून ठेवण्यासारखं वाटलं.

साशंक : कपाटाचं तुम्ही स्वतःहून बोललात म्हणून आता माझा मुद्दा मांडणं सोपं झालं. तुम्ही पापनिवेदनाच्या तीन गोष्टी सांगितल्या : पश्चात्ताप, कबुली, प्रायश्चित्त. मला बाहेरचं माप नको, हेच माप चर्चला लावू. गोव्यापासून धरा. इन्क्विझिशन 1560 ते 1812, मध्ये थोडी वर्षं खंड. माणसांना विधींवरून, कपड्यांवरून, जेवणावरून धरलं. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली झालेली हिंसा त्यात होती, इतर धर्मांच्या आणि संस्कृतींच्या लोकांचा अवमानही होता. गोव्याचं नाव त्यात नव्हतं. जाळीआड तुम्हाला फादर असं मोघम बोलू देतात का? ‘माझ्याकडून काही चुका झाल्या असतील’, एवढ्यावर क्षमा मिळते?

श्रद्धावंत : मिळत नाही. नाव घेऊन सांगावं लागतं. त्याच गोव्यात, त्याच इन्क्विझिशनच्या काळात, फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण मराठीत रचलं आणि 1616 मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, हे मी तुम्हाला सांगणार होतो. पण ते खात्यावर जमा म्हणून दाखवणं आता बरोबर वाटत नाही. एका फादरने भाषेवर जीव लावला, म्हणून दुसऱ्यांनी लोकांवर केलेला जुलूम फिटत नाही. कबुलीत गुण सांगायचे नसतातच.

साशंक : मग जवळचं घेऊ. तुमचं घर नगरकडचं. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर त्या भागात महार-मांग वस्त्यांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणतात, धान्यासाठी घेतला. मला ते बोलणं क्रूर वाटतं. उपाशी माणसाने वाढणाऱ्याचा धर्म घेतला, तर दोष उपाशी ठेवणाऱ्यांचा आधी. माझा प्रश्न पुढचा आहे. पंगत एक झाली का? डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलं ते हेच, की धर्म बदलला, जात सोबत आली.

श्रद्धावंत : माझ्या पणजोबांना धान्य मिळालं हे खरं आहे आणि आमच्या घरात ते लपवलं जात नाही. त्यांना धान्याबरोबर शाळाही मिळाली, आणि ‘तू देवाचं लेकरू आहेस’ असं त्यांना पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं. हे तीन-चार पिढ्या पुरलं. पण पंगत? भारतातल्या बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण काढलं, त्यात चर्चमध्ये जातीचा भेद चालतो हे त्यांनी स्वतः लिहून मान्य केलं. अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले ते 2022 मध्ये. लग्न ठरवताना आमच्याकडे काय विचारतात ते तुम्हाला सांगायला नको. आणि सरकारच्या बाजूने 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. अनुसूचित जातीचे हक्क आधी फक्त हिंदूंना, 1956 पासून शिखांना, 1990 पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या महाराच्या नातवाला आजही नाहीत. आम्ही बाहेर न्याय मागतो, मोर्चे काढतो, आणि आत तोच न्याय देत नाही. तुमच्या मापाने पाहिलं तर इथे कबुली झाली आहे, नाव घेऊन झाली आहे. देणं दिलेलं नाही.

साशंक : मग आपण कुठे आलो? मूर्ती, संत, पोपची अचूकता यांवरचे माझे आक्षेप बरेचसे गळून पडले. ते तुमच्यापेक्षा माझ्या वाचनाचे दोष होते. स्त्रिया आणि कुटुंबनियोजन यांवर तुम्ही हललात पण सरकला नाहीत. जाळीच्या मोहरेवर आपण दोघेही जिथे होतो तिथेच उभे आहोत, आणि मला वाटतं तिथेच राहू. नवीन कळलं ते एवढंच की चर्चला तपासायला मला विवेकवाद्यांचं पुस्तक लागत नाही, तुमच्या पापनिवेदनाची तिसरी अट पुरते.

श्रद्धावंत : मला ती अट तुमच्या तोंडून ऐकताना लाज वाटली, आणि बरंही वाटलं. पण एक हरकत नोंदवतो. माणूस मरण्याआधी आपलं देणं देऊ शकतो. संस्था मरत नाही, तिची चूक करणारी पिढी जाते आणि देणं पुढच्या पिढीवर येतं. माझ्या मुलीने गोव्याचं देणं कसं द्यायचं? सगळ्या देण्यांची जबाबदारी आजच्या माणसावर टाकली तर तो चर्च सोडून जाईल, आणि मग देणारा कोणीच उरणार नाही. मी सोडून जाणार नाही. मी आतून मागत राहीन, पण किती काळ मागायचं, आणि कधी म्हणायचं की आता पुरे, हे मला ठाऊक नाही.

साशंक : गोव्याचं मलाही ठाऊक नाही. आजचं मात्र ठाऊक आहे. तुमच्या धर्मग्रामाच्या पुढच्या सभेत दोन गोष्टी विचारा. मुलांच्या संरक्षणाची समिती आहे का, आणि तिच्यावर फादर-सिस्टर नसलेली, चर्चच्या पगारावर नसलेली बाई आहे का. आणि चर्चच्या दारात मिस्सेच्या वेळांचा जो फलक आहे, त्याच्या शेजारी चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक लावा. मराठीत, मोठ्या अक्षरांत, आठ वर्षांच्या मुलीला वाचता येईल एवढ्या उंचीवर. त्यासाठी रोमची परवानगी लागत नाही.